अंगठा

त्या बाईंनी पदराने अंगठा पुसला, यंत्राच्या काचेवर ठेवला आणि दाबला. आतला लाल उजेड पेटला आणि विझला. "नाही घेत आक्का, परत पुसा." त्यांनी परत पुसला. तिसऱ्या वेळी टेबलामागच्या पोराने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली, चौथ्या वेळी ओलं फडकं. मग तर्जनी लावून झाली, मधलं बोट लावून झालं. मागच्या रांगेत पंचवीस-तीस बाया उभ्या होत्या. कुणी कुरकुरत नव्हतं, कारण आपल्या पाळीला काय होणार याची प्रत्येकीला धास्ती होती. रांगेतली एक बाई तर आधीच आपला अंगठा विटेच्या तुकड्यावर हळूहळू घासत होती.

ऑगस्ट २०२४. राखीपौर्णिमा तोंडावर आलेली. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं एक गाव, तिथलं किराणा दुकान. दुकानाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि काडेपेटीहून जरा मोठं ते यंत्र, भिंतीवर 'बँक मित्र' असा फलक. 'लाडकी बहीण'चे जुलै आणि ऑगस्ट मिळून तीन हजार रुपये बायकांच्या खात्यात पडायला सुरुवात झाली होती. पडले की नाही हे विचारायला, आणि पडले असतील तर हातात घ्यायला, अख्ख्या पंचक्रोशीतल्या बाया तिथे लोटल्या होत्या.

मी गेले होते बारशाला. आमच्या बँकेच्या जुन्या शाखेतल्या शिपाईमामांच्या नातीला मुलगी झाली होती. तीस वर्षांहून जास्त काळ गेला तरी मामा प्रत्येक कार्याला आठवणीने फोन करतात. नोकरीतलं माझं पहिलं ग्रामीण पोस्टिंग याच गावातलं. १९८७ साली मी इथे आले, २०२२ साली दुसऱ्याच गावाहून निवृत्त झाले, आणि मधल्या पस्तीस वर्षांत मी सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल तर ते अंगठे. त्या रांगेपाशी पाय थबकले, ते त्यामुळे.

१९८७च्या त्या शाखेत अंगठ्यासाठी एक पत्र्याची शाईगादी होती. जांभळी शाई. बाई गादीवर अंगठा टेकवायची, आमचा कॅशिअर तिचा हात धरून व्हाउचरवर नेमक्या जागी दाबायचा, आणि मग ती बोटाची उरलेली शाई सरळ केसांत पुसायची. काळ्या केसांत जांभळी शाई दिसत नाही. लुगड्याला लागली असती तर डाग राहिला असता, घरी कळलं असतं. शहरातून आलेल्या मला सुरुवातीला वाटलं, ही इथली सवय असेल. डाग कुणापासून लपवायचा असतो, ते समजायला मला वर्षभर लागलं.

त्या बाया रोजगार हमीवर खडी फोडायच्या. दुष्काळी पट्टा, दोन पावसाळे कोरडे गेले की तिसऱ्या वर्षी रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि त्यामागे ओळीने बसलेल्या बाया, हे ठरलेलं. पाट्यावरच्या वरवंट्यासारखी त्यांची बोटं गुळगुळीत झालेली असत. कागदावर उमटायचा तो नुसता जांभळा ठिपका. त्यात रेषा अशी नसायचीच. तरीही कधी काम अडलं नाही. बाई समोर उभी असायची, खाते उघडताना लावलेला तिचा फोटो आमच्याकडे असायचा, आणि साक्षीची सही करणारा माणूस तिला ओळखायचा. तो ठिपका म्हणजे ती इथे आली होती याची खूण, एवढाच त्याचा अर्थ. ओळख पटवायचं काम डोळ्यांचं होतं.

आता ते काम यंत्राकडे गेलं आहे, आणि यंत्राला रेषा लागतात.

मराठी मुलखात अक्षर न येणाऱ्याच्या खुणेला मोठा इतिहास आहे. जुन्या कागदांत पाटलाच्या, कुणब्याच्या सहीच्या जागी छोटासा नांगर काढलेला असतो. बलुतेदार आपापल्या हत्याराची आकृती काढत. मला ही पद्धत फार देखणी वाटते. मी कोण, तर हे काम करणारा, असं त्या खुणेतून कळायचं. पण खूण कितीही देखणी असली तरी वर काय लिहिलंय ते खूण करणाऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि सगळं दुःख त्या वरच्या मजकुरात होतं. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत अनेक गावांत हेच झालं. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. रोखे काढले, जाळले आणि माणसं घरी गेली, असं कित्येक ठिकाणी घडलं. १८७९ साली सरकारने डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आणला. त्यात एक गोष्ट अशी आहे की बँकेतल्या माणसाने ती भिंतीवर लावावी. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हायचा. दिलेल्या पैशाची पावती मागायचा शेतकऱ्याला हक्क होता. आणि हिशेब पासबुकात लिहून मागायचाही हक्क होता.

पासबुक. १८७९मध्ये. मी बँकेत लागले तेव्हा माझ्या लेखी पासबुक म्हणजे स्टेशनरी होती. रकाने भरायचे, शिक्का मारायचा, पुढचा. कायदा करून मिळवावी लागलेली ती वस्तू आहे हे वाचलं तेव्हा निवृत्ती जवळ आली होती.

त्या कायद्याने सावकार गेला नाही. १९५१-५२मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभरच्या ग्रामीण कर्जाची पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जातला सुमारे ७० टक्के वाटा सावकारांचा निघाला, सहकारी संस्थांचा ३ टक्क्यांच्या आसपास आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी. खेड्याच्या हिशेबात बँक ही वस्तूच नव्हती. मग १९ जुलै १९६९ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी धनंजयराव गाडगिळांच्या अभ्यासगटाच्या शिफारशीवरून अग्रणी बँक योजना आली, जिल्हे वाटून दिले गेले, आमचा सातारा बँक ऑफ महाराष्ट्राकडे आला. आणि १९७७मध्ये रिझर्व्ह बँकेने एक साधा नियम केला: जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा उघडायची असेल, तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी आधी उघडा. १९६९मध्ये देशात सगळ्या मिळून सव्वाआठ हजारांच्या घरात शाखा होत्या आणि त्यातल्या ग्रामीण जेमतेम १८००. १९९० उजाडेपर्यंत ग्रामीण शाखाच तीस हजारांच्या पुढे गेल्या. त्यात या नियमाचा मोठा हात होता.

आमची शाखा त्या चारांतली एक होती. कुठल्या मोठ्या शहरातल्या चकचकीत शाखेच्या बदल्यात आम्ही या माळावर आलो होतो, कोण जाणे. विठोबाच्या देवळाशेजारी भाड्याची दोन खोल्यांची जागा, एक तिजोरी, बदलीची वाट बघणारे आम्ही चौघे आणि शिपाईमामा. ती वर्षं वाया गेली असं आता अनेकजण म्हणतात. कर्जमेळावे झाले, कर्जाच्या म्हशींच्या कानातले बिल्ले एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरले, थकबाकी डोंगराएवढी झाली, १९९०ची कर्जमाफी आली. हे सगळं खरं आहे, त्या डोंगरावर मी बसले होते. पण रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी या काळाचा अभ्यास करून २००५मध्ये मांडलं, की या शाखा जिथे गेल्या तिथे ग्रामीण गरिबी कमी झाली, आणि ते करताना बुडीत कर्जही भरपूर झालं. दोन्ही एका वेळी खरं. चार-एकचा नियम १९९०मध्ये गेला, पुढच्या दशकात कित्येक ग्रामीण शाखा तोट्याच्या म्हणून बंद झाल्या नाहीतर दुसरीत विलीन झाल्या. आमचीही गेली. तिच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारचा विठोबा आहे तिथेच आहे.

शाखा उघडली म्हणजे बँक पोचली, असं मात्र नव्हतं. तेव्हा खातं उघडायला 'ओळख' लागायची. म्हणजे आधीच्या एखाद्या खातेदाराने अर्जावर सही करायची, की मी या व्यक्तीला ओळखतो. नव्या गावात खातेदार कोण? सरपंच, शाळामास्तर, सोसायटीचा चेअरमन. खडी फोडणाऱ्या बाईने चेअरमनकडे जाऊन सही मागायची, म्हणजे आपण पैसे मागे टाकतोय हे चेअरमनला सांगायचं, म्हणजे संध्याकाळी ते तिच्या नवऱ्याला कळणार. पहिल्या सहा महिन्यांत एकाही बाईने एकटीच्या नावाने खातं उघडलं नाही. मला वाटायचं, यांच्याकडे पैसाच नाही.

मग एका दुपारी शिपाईमामांच्या बायको काउंटरशी आल्या. आपल्या खात्यात भरायला त्यांनी आणले होते ते पैसे त्यांचे नव्हते, शेजारणीचे होते. त्या शेजारणीच्या मागे आणखी दोघी होत्या. मामींच्या खात्यात चार बायकांचे पैसे होते, आणि कुणाचे किती हे सगळं मामींच्या डोक्यात. मी नियमाने त्यांना समजावलं की असं चालत नाही. मामी म्हणाल्या, "बाई, मग तुम्हीच द्या की वळख."

मी दिली. बँकेच्या माणसाने ओळख द्यावी का, यावर आमच्या साहेबांनी माझी कानउघाडणी केली आणि मग तिकडे दुर्लक्षही केलं, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्या वर्षात सतरा बायकांची खाती उघडली. पैकी एकीनेही पासबुक घरी नेलं नाही. "राहू द्या तुमच्याकडंच." माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ती सतरा पासबुकं असायची, रबर लावून. हे नियमात बसत नव्हतं, आजही बसत नाही, आणि आज कुणी तरुण अधिकारी मला विचारेल तर मी त्याला ते करायला सांगणार नाही. पण बाजाराच्या दिवशी, मिरच्या-मीठ घेऊन झाल्यावर, एकेकजण यायची. "माजं बघू जरा." मी पासबुक काढून वाचून दाखवायचे, हळू आवाजात. आकडा ऐकून ती मान हलवायची आणि जायची. भरायला काही नाही, काढायला काही नाही. फक्त आहे ना, हे ऐकायला ती चार किलोमीटर चालत आलेली असायची.

बँकिंगच्या परीक्षांत मी ठेवींची व्याख्या पाठ केली होती. ठेव म्हणजे काय हे मला त्या खणाने शिकवलं. नवऱ्याला, दिराला, लेकाला माहीत नाही असं काहीतरी जगात आपलं आहे, आणि ते लुगड्याच्या घडीत सापडणार नाही, डाळीच्या डब्यात सापडणार नाही. त्यासाठी त्या केसांत शाई पुसायच्या.

याच तालुक्यात, म्हसवडला, काही वर्षांनी जे झालं ते आता जगभर सांगितलं जातं, पण मला ते शेजारच्या घरातलं वाटतं. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी पैसे साठवायचे होते, आणि तिचं खातं उघडायला कुठलीच बँक तयार नव्हती. तिने ते सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांना सांगितलं. त्यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गावी परतल्या, काही महिने अक्षरं गिरवली आणि पुन्हा गेल्या. या वेळी त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कुठल्याही मुद्दलाचं व्याज काढायला सांगा, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ती बँक पहिल्यापासून बाजारात, दारात जाऊन पैसे गोळा करते, कारण मजुरी बुडवून बँकेत यायला त्या बाईला परवडत नाही हे चालवणाऱ्यांना माहीत होतं.

दारात जाण्याची युक्ती तशी जुनीच. उडुपीतल्या सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये पिग्मी ठेव सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. आपल्याकडे 'पिग्मी' हा शब्द इतका मुरला आहे की तो परका आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या आईच्या दाराशी रोज संध्याकाळी सायकलची घंटा वाजायची आणि ती पदराच्या गाठीतून दोन रुपये काढायची. पिग्मीवाले काका पाऊस असो की लग्नसराई, चुकले नाहीत. आई त्यांना ओळखत होती, त्यांच्या संस्थेला ओळखत नव्हती. ती संस्था म्हणजे बँक नव्हे, पतसंस्था आहे, आणि पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं विम्याचं संरक्षण नसतं, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि मी, बँकेत नोकरीला असलेली तिची लेक, मी ते तिला कधी सांगितलं नव्हतं. संस्था बुडाली. आईचे अकरा हजार गेले. त्याहून जास्त वाईट मला काकांचं वाटलं. ते पुढची कित्येक वर्षं आमच्या गल्लीतून मान खाली घालून जात.

म्हणून दाराशी येणारा माणूस, एवढ्यावर मी खूश होत नाही. त्या माणसामागे उभं कोण आहे, हेही विचारावं लागतं. आणि उलटही तितकंच खरं आहे. मागे सरकार, रिझर्व्ह बँक, सगळी यंत्रणा भक्कम उभी असली आणि पुढे माणूसच नसला, तरी बाई रिकाम्या हाताने परत जाते.

यंत्रणा गेल्या वीस वर्षांत खरोखर भक्कम झाली. जानेवारी २००६मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या वतीने व्यवहार करणारे प्रतिनिधी नेमायची परवानगी दिली. आजचा बँक मित्र तिथून आला. २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिली आधार कार्डं दिली गेली. २८ ऑगस्ट २०१४ला जनधन योजना सुरू झाली आणि त्या एका दिवसात देशात दीड कोटी खाती उघडली. तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होते. मंडप, खुर्च्या, अर्जांचे गठ्ठे, रात्री साडेदहापर्यंत नोंदी. ओळख देणारा लागत नाही, शिल्लक शून्य चालते, जिच्याकडे आधार आहे ती आली की खातं. १९८७मध्ये जे मिळवायला मामींना माझ्याशी भांडावं लागलं, ते आता मंडपात वाटलं जात होतं. मी भारावून गेले होते आणि त्याची मला लाज वाटत नाही. जागतिक बँकेच्या पाहणीत २०११मध्ये भारतातल्या प्रौढांपैकी ३५ टक्क्यांकडे खातं होतं, २०२१मध्ये ७८ टक्क्यांकडे. दहा वर्षांत एवढी झेप क्वचितच कुठल्या देशाने घेतली असेल. केनियात २००७पासून एम-पेसाने हे मोबाईलवरून आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारांच्या हातून केलं; आपण ते अंगठ्यावरून केलं. त्याच २०२१च्या पाहणीत हेही आहे, की भारतातल्या खातेदारांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी आपलं खातं वर्षभरात एकदाही वापरलं नव्हतं.

त्या मंडपात माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती मला आजही टोचते. अर्जावर मोबाईल नंबरचा रकाना होता. बाईकडे फोन नसायचा. "मालकांचा लिवा." "पोराचा हाय, त्यो घाला." मी लिहून घेतले, माझ्या हाताखालच्यांनी लिहून घेतले, शेकड्यांनी. रकाना भरला की अर्ज पूर्ण. त्या नंबरावर पुढे काय जाणार आहे याचा विचार कुणी केला नाही. जमा झालेल्या प्रत्येक रुपयाचा संदेश, काढलेल्या प्रत्येक रुपयाचा संदेश. माझ्या खणातल्या सतरा पासबुकांनी जे जपलं होतं, ते मी एका रकान्यात देऊन टाकलं.

बाईचं गुपित उघडं पडणं म्हणजे काय, याची पहिली जाणीव दोन वर्षांनी झाली. ८ नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीनंतरच्या त्या आठवड्यात रांग शाखेबाहेर जाऊन पार एसटी स्टँडपर्यंत गेली होती. एक बाई आली. तिच्या हातात सुक्या मिरच्यांचा डबा, आत पाचशेच्या एकतीस नोटा. नोटांना मिरचीचा वास इतका होता की आमच्या कॅशिअरला शिंका सुरू झाल्या. तिच्या मागे तिचा नवरा उभा होता. तो रागावलेला नव्हता, ओरडत नव्हता, नुसता बघत होता, आणि कॅशिअरबरोबर तोही ओठांतल्या ओठांत मोजत होता. पंधरा हजार पाचशे. किती वर्षांचे, तिला विचारलं नाही. त्या आठवड्यात असे डबे किती उघडले असतील, हा आकडा कुठल्याच अहवालात येणार नाही.

म्हणून मला वाटतं, जरा स्पष्टच सांगते, बायकांच्या खात्यांची संख्या मोजणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी मोजाव्यात. खात्याला जोडलेला फोन तिच्या स्वतःच्या हातात आहे का. आणि तिच्या गावातला बँक मित्र महिन्याला किती कमावतो. हा पोरगा व्यवहारामागे मिळणाऱ्या काही रुपयांच्या कमिशनवर उभा आहे. आजींचा अंगठा सहा वेळा नाही उमटला तर त्या वीस मिनिटांचे त्याला शून्य रुपये मिळतात. तो चिडत नाही हा त्याचा चांगुलपणा आहे, आणि कुठलीही यंत्रणा माणसाच्या चांगुलपणावर फुकटात चालवू नये. कारण चांगुलपणा नसलेलेही असतात. 'उमटला नाही, परत ठेवा' म्हणत दोनदा पैसे काढून एकदाच हातात देणारे निघाले आहेत, आणि ज्या बाईला पावती वाचता येत नाही ती सुप्याच्या शेतकऱ्याइतकीच असहाय आहे. तिच्या पावतीला निबंधक कोण? बचत गटांनी हे काम काही ठिकाणी उचललं आहे. १९९२मध्ये नाबार्डने अवघ्या पाचशे गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला होता. त्या गटांतूनच तयार झालेल्या बाया आज बँक सखी म्हणून यंत्र घेऊन वाड्यावस्त्यांवर जातात. बाईच्या घरात, चुलीपुढे बसून, ठसा घेतात आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवायचा की कानात सांगायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. तरी सखीलाही पोटापुरतं ठरलेलं मानधन हवंच.

त्या दिवशी दुकानात मी रांग मोडून पुढे गेले. बँक मित्राला म्हटलं, उजव्या हाताचं झालं असेल तर डाव्याचं बघ, आणि करंगळीशेजारचं बोट घे. खडी फोडणाऱ्या, कांदा कापणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या हातांत ते बोट सगळ्यात कमी झिजतं, हा माझा अनुभव. त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं, पण ऐकलं. पलीकडे दार अडवून उभे राहिलेले शिपाईमामा म्हणाले, "अरे, त्या आपल्या बँकेतल्या बाई आहेत."

त्या आक्कांनी डाव्या हाताचं ते बोट पदराने पुसलं, काचेवर ठेवलं. उजेड लाल झाला, थांबला, हिरवा झाला. पोराने पडद्याकडे बघून तोंड उघडलं, आकडा सांगायला, आणि मग त्याच्या काय लक्षात आलं कुणास ठाऊक, तो टेबलावरून पुढे वाकला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. आक्कांनी मान हलवली. ती मान मला ओळखीची वाटली. म्हणजे ती बाई नव्हे, ते हलवणं.

"सगळे काढायचे?" त्याने विचारलं.

"पाचशे काढ. बाकीचं ऱ्हाऊ दे आत." मग त्यांनी रांगेकडे एकदा वळून पाहिलं, कोण कोण आहे ते बघितलं, आणि आवाज आणखी खाली नेला. "आन् पोरा, त्यो फोनवर मेसेज जातो न्हवं, लेकाच्या? त्यो बंद व्हतो का?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून चष्मा काढला आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली. आत बारशाच्या पाळण्याचं गाणं सुरू झालं होतं.